बेल्टचा सूर

लाल गाडी फाटकाबाहेर काढली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता, खडखडता. तेलात न बुडणाऱ्या, कोरड्या क्लचच्या त्या जुन्या इटालियन मोटरसायकली जागेवर उभ्या असल्या की पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी हलवतंय असं वाटतं. नवखा माणूस ऐकतो आणि म्हणतो, गेलं इंजिन. मिस्त्री म्हणत, "बोलतेय तोवर ठीक. गप्प झाली की घाबरायचं."

धाकट्याने हेल्मेटची काच वर केली. "येतो गं वहिनी."

"सावकाश जा, भाऊजी. बाळ काही पळून जात नाहीये."

"बाळ नाही, पण बाळाची आई येईल पळत. बापाने अजून तोंड दाखवलं नाही म्हणून सासूबाई उठता-बसता टोमणे मारतायत."

"मग बसने जायचं होतं कधीच."

"बसने? लेक विचारेल मोठी झाल्यावर, बाबा, मला बघायला कशावर आला होतात? काय सांगू, खिडकीची सीट मिळाली होती?"

मिस्त्री गॅरेजच्या दारात हात पुसत उभे होते. धाकटा भाऊ बाप झाला होता, आणि ज्या गाडीचे तुकडे गोणीतून घरी आणले होते ती आज घाट चढून त्याला सासरी नेणार होती. बोलायला पुष्कळ होतं. "वर चहाच्या टपरीवर थांब. इंजिन निवू दे, मग उतर," एवढंच म्हणाले.

"आणि उतारावर?"

"उतारावर गिअरमध्येच. ब्रेकवर सगळा भार टाकू नकोस."

धाकट्याने मान डोलावली, काच खाली केली आणि तो गेला.

वहिनी घरात आल्या. या निरोपानिरोपीत त्यांच्या प्रार्थनेला आज उशीर झाला होता. प्रार्थना होईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि एकदा बसलं की संपल्याशिवाय उठायचं नाही, एवढे दोन नेम त्या पाळत. बाकी कशाचा त्यांनी कधी बडेजाव केला नाही. गॅरेज आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीला एक छोटी खिडकी. इकडे दिवा, तिकडे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर. मिस्त्रींना भेटायला येणारी माणसं सकाळी हळू बोलायची, ती वहिनींच्या प्रार्थनेमुळे.

आज दिव्याशेजारी घंटी होती. जवळजवळ वर्षभराने. गेल्या साली घर रंगवलं, त्याच सुमाराला वहिनींच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, आणि त्या धांदलीत घंटी माळ्यावरच्या पेटीत गेली ती गेलीच. वहिनींनी शोधली नाही. सूर काय घंटीतच असतो? इतकी वर्षं त्याच सुरावर प्रार्थना सुरू केली, तो गळ्यात मुरलेला. काल रात्री धाकट्याच्या लहानपणीची लोकरीची टोपी बाळासाठी शोधायला पेटी उतरवली तेव्हा तळाशी घंटी सापडली. लिंबू लावून घासली, लख्ख झाली.

त्यांनी दिवा लावला. डोळे मिटले. प्रार्थनेचा पहिला शब्द उच्चारला आणि सवयीने, वर्षभराचा खंड पडलाच नव्हता अशा सवयीने, उजव्या हाताने घंटी वाजवली.

दोन आवाज एकमेकांना लागले नाहीत.

घंटीचा सूर वर होता. वहिनींचा खाली. थोडाथोडका नाही, चांगला दोन पायऱ्या खाली. त्यांना वाटलं, घंटीला तडा गेला असेल. फिरवून पाहिली. तडा नव्हता. पुन्हा वाजवली, तिच्याबरोबर आवाज चढवायला गेल्या. गळा अर्ध्यावर खरखरला आणि थांबला. ऑपरेशननंतर सगळे म्हणाले होते, आवाज अगदी जसाच्या तसा आहे हो. त्यांनाही तसंच वाटलं होतं. रोज थोडाथोडा खाली बसला तर कळणार कसं, जवळ मोजायला दुसरं काही नसताना?

आधी नुसती खंत वाटली. वय झालं, एवढंच मनात आलं.

आणि मग काल दुपार आठवली.

त्यांनी घंटी मुठीत घट्ट धरली.

त्या गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच खोलीत नांदतात, पण वेळा सांभाळून. एक आत येतो तेव्हा दुसरा बाहेर गेलेला असतो. या वेळा सांभाळायचं काम दोन दातेरी रबरी बेल्टांकडे: एक उभ्या सिलिंडरचा, एक आडव्याचा. बेल्ट फार ताणला तर बेअरिंग खातो. ढिला राहिला तर दात सरकतो. दात सरकले की वेळा चुकतात, व्हॉल्व्ह आणि पिस्टन समोरासमोर येतात. धावत्या गाडीत असं झालं तर इंजिन जागच्या जागी आवळतं, मागचं चाक अडकतं, आणि मग पुढे वळण आहे का दरी, एवढंच उरतं.

म्हणून बेल्टचा ताण मोजायचा असतो. मिस्त्री ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्याकडे त्याचं एक मापक होतं. मिस्त्रींकडे ते नव्हतं. एकदा त्यांनी उस्तादांचं मापक मागून आणून ताणलेला बेल्ट बोटाने छेडला, तारेसारखा, आणि नेमकी त्याच वेळी भिंतीपलीकडे वहिनींनी घंटी वाजवली. तोच सूर! मिस्त्री पाना हातात घेऊन घरात धावत आले होते. "परत वाजव. अगं, परत वाजव!" तेव्हापासून या गॅरेजात बेल्ट असेच लागत आले. मिस्त्री छेडायचे, वहिनी खिडकीतून ऐकायच्या. चढलाय, म्हणायच्या. उतरलाय, म्हणायच्या. लागला, असं म्हटलं की मिस्त्री नट आवळायचे. अशी एकही गाडी कधी तक्रार घेऊन परत आली नाही.

पुढे पुढे घंटीची गरजही उरली नाही. वहिनी नुसतं गुणगुणायच्या, पुरायचं.

काल दुपारी धाकट्याच्या गाडीला नवे बेल्ट घातले. वहिनींच्या आजारपणानंतरचे हे पहिलेच.

"वहिनी, फोनमध्ये ॲप असतं आता," धाकटा म्हणाला होता. "बेल्ट वाजवला की आकडा दाखवतं."

"आकड्याला कान असतात का?" मिस्त्रींनी विचारलं होतं.

"दादा, तुझ्या गॅरेजात देव सोडून कोणाचं चालतच नाही."

"देव नाही रे, तुझ्या वहिनीचं चालतं. देवाचंसुद्धा तिच्या पुढे चालत नाही."

सगळे हसले होते. मग मिस्त्रींनी बेल्ट छेडला. वहिनी गुणगुणल्या आणि म्हणाल्या, "चढलाय. उतरवा." मिस्त्रींनी थोडा ढिला केला. "अजून." मिस्त्रींचं बोट बेल्टवर जरा रेंगाळलं. "ढिला वाटतोय गं हाताला." "नाही हो, अजून चढाच आहे." आणि मिस्त्रींनी उतरवला. बोट नको म्हणत असताना उतरवला, कारण वहिनींचा कान कधी चुकला नव्हता.

वहिनी उठल्या. प्रार्थना एका शब्दावर सोडून उठल्या. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. खिडकीशी गेल्या.

"अहो."

"काय गं? झाली पूजा?"

"भाऊजींना फोन लावा. आत्ता."

मिस्त्रींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्रश्न न विचारता फोन लावला. वाजत राहिला. हेल्मेट, जॅकेट, खालच्या खिशात फोन. गाडीवर असताना धाकटा कधीच उचलत नसे. "झालं काय?" मिस्त्रींनी विचारलं. वहिनींनी उत्तरादाखल फक्त घंटी वाजवली आणि तिच्याबरोबर आपला सूर लावून दाखवला. दोन्ही आवाज खोलीत वेगवेगळे घुमले.

मिस्त्रींना समजायला क्षण लागला. समजलं तसे ते खाली पाहत राहिले, स्वतःच्या बोटाकडे.

"घंटी घे," ते म्हणाले. "जिथे सापडेल तिथेच ताणावा लागेल. सूर कुठून आणणार?"

डिलिव्हरीचा छोटा टेम्पो आवारातच उभा होता. मिस्त्रींनी पान्यांची पेटी मागे फेकली. वहिनींनी दिवा विझवला, घंटी पदरात धरली आणि पुढच्या सीटवर बसल्या. चपला घालायच्या राहिल्या, ते बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

गावातले रस्ते, शाळेसमोरची गर्दी, रेल्वेच्या फाटकाशी रांगेत उभ्या मोटारी. मिस्त्री हॉर्नवरचा हात काढत नव्हते. घाट सुरू झाला तसं ते पहिल्यांदा बोलले.

"चढताना काही होणार नाही."

"नक्की?"

"चढताना इंजिन ओढत असतं. आणि तापलेलं असतं. तापलं की अंगाने फुगतं, बेल्ट आपोआप ताणला जातो. त्याला कळणारसुद्धा नाही काही कमी आहे म्हणून." त्यांनी गिअर बदलला. "वर जाऊन तो थांबेल."

"मग बरंच आहे की. तोवर आपण पोचू."

मिस्त्रींनी रेस वाढवली. टेम्पो एका वळणावर कण्हला.

"अहो?"

"मीच सांगितलं त्याला. इंजिन निवू दे म्हणून." त्यांचा आवाज कोरडा होता. "जितकं निवेल तितका बेल्ट ढिला. थंड इंजिन, ढिला बेल्ट, आणि मग चालू करताना जो झटका बसतो तो. त्यात निभावलं, तर पुढे उतार. गिअरमध्ये राहा म्हणून तेही मीच सांगितलं. रेस सोडली की चाक उलटं इंजिनाला खेचतं, आणि तेव्हाच..."

वहिनींनी पुढचं बोलू दिलं नाही. फोन घेतला. धाकट्याचा नंबर, पुन्हा धाकट्याचा नंबर. मग मिस्त्रींनी टपरीवाल्याचं नाव सांगितलं. त्याची स्कूटर गॅरेजातच यायची, नंबर फोनमध्ये होता. घाटात रेंज येत होती, जात होती. डोंगर बाजूला झाला की दोन दांड्या, वळण घेतलं की काही नाही. वहिनी प्रत्येक वळणानंतर बटण दाबत राहिल्या. पुढे लाकडं भरलेला एक ट्रक लागला. मुंगीच्या चालीने चढत होता आणि त्याच्या मागच्या फळीवर रंगवलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत होता.

मिस्त्रींनी समोर पाहिलं, वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि टेम्पो बाहेर काढला. वहिनी एरवी म्हणाल्या असत्या, अहो, जरा दमानं. आज त्यांनी डोळे मिटले आणि घंटीची जीभ बोटांत घट्ट धरली, वाजू नये म्हणून. टेम्पो ट्रकपुढे गेला.

फोन लागला.

"बोला!" टपरीवाला ओरडला. मागे कपबशांचा आवाज, कोणाचं तरी हसणं.

"आमचे भाऊजी आहेत का तिथे? लाल गाडी."

"आहेत की! अख्ख्या टपरीला लेकीचा फोटो दाखवून झाला. आता तिसऱ्यांदा दाखवतायत. माझा चहा गार झाला कौतुक करता करता."

"त्यांना म्हणावं गाडी चालू करू नका."

"काय?"

"गाडी. चालू करू नका."

"बाई, जोरात बोला की. मला काही ऐकू येईना."

वहिनींनी जोर लावला. गळ्यातून नुसती हवा आली. आयुष्यभर हळू बोलल्या होत्या, हळू बोलूनच घर चालवलं होतं, आणि आता हवा होता तेवढा आवाज त्यांच्याकडे नव्हता. मिस्त्रींनी एक हात फोनकडे केला, पण पुढे केसांच्या आकड्यासारखं वळण आलं, दोन्ही हात चाकावर गेले. ते तिथूनच ओरडले, "थांबव त्याला! थांबव!"

फोन बंद पडला होता.

"ऐकलं असेल?" मिस्त्रींनी विचारलं.

वहिनींनी पुन्हा बटण दाबलं. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे.

शेवटची वळणं आली. झाडं संपली, वारा लागायला लागला. माथ्यावरची टपरी दिसली: पत्रा, निळं कापड, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. टपरीपुढे लाल गाडी नव्हती.

टपरीवाला रस्त्याच्या मधोमध येऊन दोन्ही हात हलवत होता. मिस्त्रींनी टेम्पो हळू केला.

"मी सांगितलं त्यांना, वहिनी काहीतरी म्हणत होत्या म्हणून!" तो खिडकीला लटकला. "ते म्हणाले, वहिनी रोजच सावकाश जा म्हणते. फोन लावला त्यांनी तुम्हाला, लागेना. गाडी बटणावर चालू होईना, नुसती टकटक करतेय. म्हणून आत्ताच, हे बघा, दोघांनी ढकलून दिली उतारावर."

मिस्त्रींनी खाडकन गिअर टाकला. वहिनींना कारण सांगावं लागलं नाही. उतारावर गाडी सोडायची, वेग आला की गिअर टाकून क्लच सोडायचा. चाक एका धक्क्याने इंजिन फिरवतं. थंड इंजिनाला यापेक्षा मोठा झटका नाही.

टेम्पो पुढे सरकला आणि ती दिसली. उतारावर, पहिल्या सरळ पट्ट्यात, लाल गाडी घरंगळत चालली होती. आवाज नाही. खडखड नाही. मिस्त्री म्हणायचे तशी गप्प. ज्या दोन ट्रकवाल्यांनी तिला ढकललं होतं ते कमरेवर हात ठेवून मजा बघत उभे होते.

मिस्त्रींनी हॉर्न दाबला. दाबूनच धरला.

धाकट्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. घाटात कोण हॉर्न वाजवत नाही? त्याने गाडी शहाण्यासारखी कडेला घेतली आणि डाव्या हाताने खूण केली: जा, पुढे जा.

समोरून बस वर चढत होती. पुढे जायला जागा नव्हती. धाकट्याची पाठ किंचित वाकली. डावा हात क्लचवर परतला. त्याचा पाय गिअरवर हलला, तो वहिनींना इतक्या लांबून दिसला, किंवा त्यांना तसं वाटलं.

वहिनी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आल्या आणि त्यांनी घंटी वाजवली.

प्रार्थनेला वाजवत तशी नाही. खांद्यातून, दात आवळून, हात तुटेपर्यंत. पितळेचा तो उंच, बारीक आवाज हॉर्नच्या वरून गेला. गाडी बंद होती म्हणूनच धाकट्याला तो ऐकू आला. अभ्यासाच्या वयात रोज पहाटे या आवाजाने त्याला उठवलं होतं, आणि अजून पाच मिनिटं, वहिनी, असं म्हणत त्याने तो उशीखाली दाबला होता. घाटात, उतारावर, हा आवाज येण्याचं काही कारणच नव्हतं.

त्याने ब्रेक दाबला.

गाडी थांबली. दोन्ही पाय खाली आले. त्याने काच वर केली आणि आधी आकाशाकडे पाहिलं, मग मागे.

"अरे, थांब!" वहिनी म्हणाल्या. भाऊजी वगैरे काही नाही. आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. तो थांबलेलाच होता.

"काय झालं?" तो जवळ आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "घरी काही झालं का? तिकडे बाळाला?"

"सगळे बरे आहेत," मिस्त्री म्हणाले. "क्लच सोडलास का?"

"नाही. सोडणारच होतो."

मिस्त्री तिथेच रस्त्याच्या कडेला, दगडावर बसले.

गाडी कडेला घेऊन स्टँडवर लावली. मिस्त्रींनी बेल्टवरची झाकणं उघडली. आतल्या बाजूला काळी भुकटी बसली होती. बेल्ट फडफडून झाकणाला घासत होता. त्यांनी तो छेडला. सूर नाहीच. भद्द असा एक आवाज, ओल्या दोरीसारखा. धाकटा वाकून पाहत होता. त्याला अजून नीट काही कळलं नव्हतं.

"दादा, कालच तर लावला. वहिनीने ऐकून लावला."

"वहिनीचा आवाज उतरलाय," मिस्त्री म्हणाले. "आजारपणात. आपल्या कोणाच्या लक्षात आलं नाही."

"तिच्यासुद्धा?"

"स्वतःचा आवाज माणसाला कसा कळणार रे, घंटी पेटीत असल्यावर? माझं बोट सांगत होतं. मी ऐकलं नाही."

मग त्यांनी पाना लावून इंजिन हाताने फिरवायला घेतलं. अगदी सावकाश. खुणा जुळतायत का ते पाहायचं होतं. जुळत होत्या. "नशीब," धाकटा म्हणाला. मिस्त्रींनी पाना किंचित उलटा फिरवला, चाक उलटं खेचतं तसा.

टक.

बारीकसा आवाज. नख मोडल्याएवढा. मागच्या, उभ्या सिलिंडरच्या बेल्टचा एक दात पुलीच्या दातावर चढला आणि पलीकडे गेला. तिघांनीही पाहिलं. खालून चढत आलेली एक मोटार हॉर्न वाजवून निघून गेली, तरी कोणी हललं नाही.

धाकट्याने ग्लोव्ह काढले. हात पँटला पुसले. त्याने खिशातून फोन काढला, त्यावर लेकीचा फोटो होता, आणि तो परत ठेवला.

"हे हाताने," मिस्त्री म्हणाले. "हळू."

पुढचं काम करायला घाई नव्हती, आणि हेच कठीण होतं. इंजिन पुरतं गार होईपर्यंत ताण खरा लागत नाही. टपरीवाल्याने खुर्च्या आणून दिल्या, चहा आणला. वहिनींनी हाताने नको म्हटलं.

"अगं, घे की," मिस्त्री म्हणाले.

"प्रार्थना अर्धी आहे."

"आज तरी..."

"आज तर नक्कीच नाही."

धाकट्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं. "वहिनी, चपला कुठायत?" मग स्वतःचे बूट काढायला लागला. त्यांनी त्याला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

मिस्त्रींनी सिलिंडरवर तळहात ठेवला, काढला, थोड्या वेळाने पुन्हा ठेवला. मग मान डोलावली. सरकलेला दात परत जागेवर आणला, खुणा दोनदा पाहिल्या, ताणाच्या पुलीचे नट सैल केले. वहिनी जवळ आल्या. घंटी उजव्या हातात.

मिस्त्रींनी छेडलं. वहिनींनी वाजवली. "उतरलाय."

ताणला. "उतरलाय."

पुन्हा. धाकटा श्वास रोखून होता. "अजून थोडा. थांबा. चढला. किंचित सोडा."

मिस्त्रींच्या बोटाखाली बेल्ट गाऊ लागला. घंटीचा आवाज विरत गेला आणि बेल्टचा त्यात मिसळला. कुठला कुठे संपला ते कळलं नाही.

"लागला," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रींनी नट आवळला नाही. बोट बेल्टवर ठेवून ते थोडे थांबले. मग म्हणाले, "हाताला पटतोय." आणि घसा खाकरून धाकट्याकडे न बघता: "ते तुझं काय ते ॲप. लाव."

धाकट्याने फोन पुढे धरला. मिस्त्रींनी छेडलं. आकडा आला. धाकट्याने तो गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिला आणि ओठ दाबून धरले.

"हस," मिस्त्री म्हणाले. "हस एकदाचा."

"बरोबर आहे म्हणतंय. घंटी बरोबर आहे."

"म्हणजे ॲप बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले, आणि आवळला.

दुसराही तसाच लागला. झाकणं बसली. मिस्त्रींनी इंजिन पान्याने पुन्हा दोन पूर्ण फेरे फिरवलं, कान जवळ नेऊन. मग पुढे केलं, मागे केलं. टक नाही. तरीही ते उठेनात.

"टेम्पोत टाकून नेऊ," ते म्हणाले. "राहू दे आज."

धाकट्याने हेल्मेट उचललं. त्याने वहिनींकडे पाहिलं. सूर चुकला होता तो त्यांचा. आता हो म्हणायचं ते त्यांनीच. वहिनी गाडीपाशी गेल्या. लाल टाकीवर हात ठेवला, गरम आहे का बघतात तसा.

"तुमचं बोट काय म्हणतं?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

मिस्त्रींनी बोट अंगठ्यावर घासलं. "लागलाय म्हणतं."

"मग जाऊ दे."

ट्रकवाले अजून होतेच. आता तेही घरचेच झाले होते. त्यांनी ढकललं. लाल गाडी गप्प घरंगळली. वहिनींनी मिस्त्रींचा हात धरला, चारचौघांत कधी धरत नसत. धाकट्याचा डावा हात सुटला. मागचं चाक एकदा अडखळलं, टायर ओरडलं, त्या एका क्षणात मिस्त्रींची बोटं त्यांच्या बोटांत रुतली, आणि मग इंजिनाने घसा साफ केला आणि ते बोलू लागलं. खडखड, खडखड. खालच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिली. त्यापुढच्या वळणावरूनही. मग डोंगर आडवा आला.

वहिनी टपरीमागे, सावलीत, पुठ्ठ्यावर बसल्या. घंटी त्यांनी बरोबर घेतली नाही. मिस्त्रींनी ती जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पान्यांच्या पेटीत ठेवली होती, आणि ठेवता ठेवता विचारलं होतं, "तुला लागेल ना रोज?"

"देवाला खालचा सूर चालेल," त्या म्हणाल्या होत्या. "बेल्टला चालत नाही."

अर्ध्यावर सोडलेल्या शब्दापासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आपल्या आताच्या आवाजात. वाऱ्यात मिस्त्रींना थोडंसं ऐकू येत होतं. इतकी वर्षं ऐकून हा आवाज त्यांना पाठ होता असं त्यांना वाटत होतं. आज ते तो नव्याने ऐकत होते.

प्रार्थना संपली. टपरीवाल्याने ताजा चहा आणून दिला. वहिनींनी ग्लास हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. नेम संपला होता, तरी. मिस्त्री रस्त्याच्या कडेला उभे राहून खाली पाहत होते. तिथे काहीच दिसत नव्हतं. चहावर साय धरली. टपरीवाला एकदा म्हणाला, बदलून देऊ का, आणि त्यांच्याकडे बघून कपबशा विसळायला गेला.

फोन वाजला तो टपरीवाल्याचा. त्याने नाव पाहिलं आणि न बोलता फोन वहिनींच्या हातात दिला.

"पोचलो गं," धाकटा म्हणाला. मागे बायकांचा गलका, कोणीतरी त्याला हात धू म्हणून ओरडत होतं. "थांब, ऐक."

आणि मग एक रडणं ऐकू आलं. कडक, पातळ, भलतंच वरचं. फोनच्या भोकातून फुटून टपरीभर झालं. मिस्त्री रस्त्यावरून आत आले.

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, गॅरेजात ऐकत तसं.

"चढलाय गं," ते म्हणाले.

"असू दे," वहिनी म्हणाल्या, आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायल्या.